खोल्या आठ, प्रश्न साठ

वाचकांचे प्रश्न : गोव्यातली छोटी, देखणी हॉटेलं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या पत्रांत या वेळी एकच शब्द पुन्हा पुन्हा आला : 'बुटीक हॉटेल'. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पैसे बहुतेकांनी अजून भरलेले नाहीत. प्रश्न विचारायची हीच वेळ.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. मुलांनी गोव्यातल्या एका बुटीक हॉटेलचे फोटो पाठवलेत, रात्रीचे सात-आठ हजार सांगतात. एवढ्या पैशांत मोठ्या रिसॉर्टमध्येही खोली मिळते. मग यात वेगळं काय?
— एक वाचक, अमळनेर

बुटीक ही सरकारी वर्गवारी नाही. तीन तारे, पाच तारे ठरवायला समिती असते. 'बुटीक'ची पाटी मात्र कुणीही रंगवून लावू शकतो. साधारणपणे पाच ते पंचवीस-तीस खोल्यांचं, प्रत्येक खोली वेगळी सजवलेलं, मालकाच्या आवडीनिवडीची छाप असलेलं घर म्हणजे बुटीक हॉटेल, असं समजा. गोव्यात पाहुण्यांना खोली भाड्याने देणाऱ्याला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक फोनवर मागा. सांगताना जो अडखळतो, त्याला आगाऊ रक्कम पाठवू नका.

यात तीन जाती आहेत, आणि फोटोत तिन्ही सारख्याच गोड दिसतात.

पहिली, जुनी पोर्तुगीजकालीन घरं. पणजीचा फोंताईन्हास भाग, बार्देशातली शिवोली-आसगावसारखी गावं, सासष्टीतले जुने वाडे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, दारापुढे बसायचा बलकांव, कुठे कुठे काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असलेल्या खिडक्या. छत उंच, त्यामुळे खोलीत हवा खेळते. पण समुद्र दारात नसतो. फोंताईन्हासमधून मिरामारच्या किनाऱ्याला जायलाही गाडी लागते. शिवाय या घरांत बाथरूम मागाहून जोडलेलं असतं. ते अरुंद असतं, किंवा खोलीपेक्षा दोन पायऱ्या वर.

दुसरी जात, थेट वाळूला लागून असलेल्या लाकडी खोल्या. मांद्रे, आश्वे, आगोंद, पाळोळे, पाटणे इथं या जास्त. त्या लाकडाच्या का, याचं उत्तर हौसेत कमी आणि कायद्यात जास्त आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे गोव्यातल्या बहुतेक गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं पक्कं बांधकाम करता येत नाही. हंगामापुरतं उभं करून पावसाळ्याआधी उतरवायचं तात्पुरतं बांधकाम परवानगीने चालतं. म्हणून वाळूवर उतरणाऱ्या पायऱ्या हव्या असतील तर लाकडी भिंतीही पत्कराव्या लागतात. शेजारच्या खोलीतलं खोकणं ऐकू येतं, एसी असला तरी फटींतून गारवा निसटतो आणि पहाटे साडेपाचला कावळे उठवतात.

तिसरी जात म्हणजे गावात आत, माडांच्या बागेत किंवा शेताच्या कडेला बांधलेली नवी घरं, खोलीपुढे छोटा पोहण्याचा तलाव. दिसायला सगळ्यात चकचकीत हीच. पण समुद्र चार-पाच किलोमीटरवर, आणि रोज दोनदा जायचं तर टॅक्सीचा खर्च खोलीच्या भाड्यात मिळवूनच दर तोलायला हवा.

रिसॉर्टमध्ये लिफ्ट, रात्री बारालाही चहा, मुलांना खेळायची जागा आणि नाश्त्याला चाळीस पदार्थ असतात. आठ खोल्यांच्या हॉटेलात माणसं पाच-सहा, स्वयंपाकघर दहाला बंद. बदल्यात शांतता मिळते, आणि तुम्ही कोण आहात हे तिथल्या माणसांना दुसऱ्या दिवशी नावानिशी माहीत असतं. पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही दोघंच जाणार असाल तर आमचं मत छोट्या हॉटेलाकडे झुकतं : तीन रात्री मांद्रे-आश्वे पट्ट्यात, शेवटची एक फोंताईन्हासमध्ये. चार रात्रींत तीन हॉटेलं मात्र करू नका. दर वेळी सकाळी अकराला खोली सोडायची आणि दुपारी दोनला नवी मिळायची, यात प्रत्येक वेळी अर्धा दिवस बॅगांवर बसून जातो.

फोटोंबद्दल एवढंच. रुंद भिंगाने दीडशे चौरस फुटांची खोलीही दिवाणखाना दिसते. क्षेत्रफळ चौरस फुटांत विचारा. बाथरूम धरून की सोडून, हेही. दारातून आत शिरून बाथरूमपर्यंत चालत काढलेला आजचा मोबाइल व्हिडिओ मागा. 'सी फेसिंग' म्हणजे खोलीचं तोंड समुद्राकडे, मध्ये काय आहे ते त्यात सांगितलेलं नसतं. 'पार्शल सी व्ह्यू' म्हणजे बहुधा गॅलरीच्या कोपऱ्यात उभं राहून मान वळवल्यावर दिसणारी निळी पट्टी. नकाशावर उपग्रहचित्र लावून हॉटेल आणि पाणी यांत रस्ता किती, घरं किती, ते स्वतः मोजा. शेजारी बांधकाम चालू आहे का, हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. गोव्यात सध्या जिकडेतिकडे बांधकाम आहे, आणि ड्रिलचा आवाज फोटोत येत नाही.

आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिला जुन्या वाड्यासारख्या हॉटेलातच राहायचंय. जमेल का?
— धुळ्याहून

जमेल, पण तळमजल्याचीच खोली, आणि तीही क्रमांकासह नक्की करून. जुन्या घरांचे लाकडी जिने खडे असतात, पायऱ्या आठ-नऊ इंच उंच आणि कठडा एकाच बाजूला. लिफ्ट नसतेच. फोनवर विचारायचं ते असं : रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती, खोलीच्या दाराला उंबरठा आहे का, कमोडशेजारी धरायला दांडी आहे का, न्हाणीची फरशी खडबडीत की गुळगुळीत, पलंगाची उंची किती. जुन्या नक्षीच्या पलंगांना तीस इंचांपर्यंत उंची असू शकते. त्यावर चढणं एकवेळ जमेल, रात्री उतरणं धोक्याचं. दांडी नसेल तर प्लास्टिकची घट्ट खुर्ची न्हाणीत ठेवायला सांगा, लहान हॉटेलं एवढं आनंदाने करतात. वाळूवरच्या खोल्या आईंसाठी नकोत. भुसभुशीत वाळूत पन्नास पावलं चालणं दुखऱ्या गुडघ्यांना जिन्यापेक्षा जड जातं.

खोलीचा दर ७,४०० सांगितला, दुसरीकडे ७,६००. दोनशे रुपयांनी काय होतं, म्हणून आम्ही दुसरं ठरवत होतो. कर वेगळा लागतो म्हणतात, खरं का?
— चाळीसगावचे एक दुकानदार

खरं, आणि फरक दोनशेचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचा एका दिवसाचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेला की १८ टक्के. म्हणजे ७,४०० वर ३७० रुपये कर, एकूण ७,७७०. आणि ७,६०० वर १,३६८ रुपये कर, एकूण ८,९६८. एका रात्रीला ११९८ रुपयांचा फरक, तीन रात्रींना ३,५९४. एवढ्यात दोघांची गोव्यातली दोन-तीन जेवणं होतात.

कर छापील दरावर नाही, प्रत्यक्ष आकारलेल्या दरावर ठरतो. म्हणून ७,८०० सांगणाऱ्याला 'साडेसात करता का' म्हणून विचारायला लाजू नका. तीनशे रुपये सोडल्याने पाहुण्याचे तेराशेच्या वर वाचतात हे त्यालाही कळतं, आणि रिकाम्या दिवसांत तो ऐकतो. जादा गादीचे पैसे धरून आकडा साडेसातच्या वर सरकतो का, हेही बघा. नाश्ता दरात धरलाय की वेगळा, ते बिलावर कसं येणार, हे आधीच विचारून घ्या.

दुसरी मेख जेवणात आहे. ज्या हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात एखादी जरी खोली ७,५०० च्या वर गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के लागतात. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५. म्हणजे तुमची खोली स्वस्तातली असली तरी वरच्या मजल्यावरच्या महागड्या खोलीमुळे तुमचं वरण-भात महागतं. आणि बिलात आपोआप लावलेला 'सर्व्हिस चार्ज' देणं बंधनकारक नाही. जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो परस्पर लावता येत नाही, काढून मागा. वाढणाऱ्या पोराला बक्षिशी द्यायची तर हातात द्या.

मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात. जुलैत दर निम्मे होतात असं ऐकलं. कधी जावं?
— जळगाव

मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ वर असतो आणि गोव्यात ३३-३४ वर, म्हणून तिथं थंड वाटेल असा हिशेब खान्देशात नेहमी होतो. तो चुकतो. आपलं ऊन कोरडं, घाम लगेच सुकतो. तिथं हवेत इतकी आर्द्रता की घाम अंगावरच राहतो. कूलरवर वाढलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी फार जड जातं. तिथं कूलर निरुपयोगी, एसीच हवा. 'नैसर्गिक वायुवीजन' असं लिहिलेली सुंदर खोली मे महिन्यात घेऊ नका. वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा आणि दिवा, हे विचारून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात वाळूवरच्या लाकडी खोल्या उतरवायला सुरुवात होते, तेव्हा शेजारी ठोकाठोकी चालू असते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पडतात ते कारणासकट पडतात. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आपल्याकडच्याच्या जवळपास चौपट. समुद्रात उतरायला बंदीचे लाल बावटे. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, म्हणून त्या दिवसांत 'आजचा ताजा सुरमई' म्हणणाऱ्याकडे जरा संशयाने बघा. आणि घोटाळा असा की किनाऱ्यावरच्या हॉटेलांची हिवाळ्यातली चित्रं वर्षभर तशीच झळकत राहतात. जुलैत पैसे भरलेली खोली प्रत्यक्षात गोदामात फळ्यांच्या रूपात पडलेली असते, आणि तुम्हाला रस्त्यापलीकडच्या इमारतीत 'तेवढीच चांगली' खोली मिळते. तेव्हा पावसाळ्यात जायचं तर जुन्या चिरेबंदी घरात जा. तिथंही ओल असतेच : गादीला कुबट वास, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, फुगून न लागणारी दारं. खोलीत ओल शोषणारं यंत्र आहे का ते विचारा. नसेल तर एसी दिवसातून दोन तास 'ड्राय'वर लावा. कपडे सुती जाड नेऊ नका, वाळणार नाहीत.

खरं सांगायचं तर नोव्हेंबर आणि फेब्रुवारी उत्तम. दिवाळीचा आठवडा उलटला, हातात कापसाचे पहिले पैसे आले, की त्यानंतरचे पंधरा दिवस खान्देशातल्या माणसाला फार सोयीचे. २० डिसेंबर ते ५ जानेवारी सोडाच : दर दुप्पट-तिप्पट, किमान तीन ते पाच रात्रींची अट, आणि ३१ तारखेचं जेवण घेतलंच पाहिजे अशी सक्ती, माणशी वेगळे पैसे लावून.

भुसावळहून कसं जावं? सकाळी पोहोचल्यावर खोली मिळते का?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी

गाड्या तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक, इतरांसाठी लिहितो. निजामुद्दीन-वास्को गोवा एक्सप्रेस भुसावळ-मनमाड-पुणे-मिरज-लोंढा करत जाते. सकाळी चढलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे मडगावला उतरतो. जाताना दूधसागर अंधारात निघून जातो, परतीची गाडी दुपारी वास्कोहून सुटत असल्याने तेव्हा दिसतो. मंगला एक्सप्रेस नाशिक-कल्याणवरून कोकण रेल्वेने मडगावला जाते. कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, जुन्या वेळेवर टॅक्सी सांगू नका. जळगावहून २०२४ पासून फ्लाय९१ ची छोटी एटीआर विमानं गोव्यातल्या मोपा विमानतळावर जातात. त्यांचे वार बदलतात, तेव्हा आधी विमानाचा वार पक्का करा आणि मग हॉटेलची तारीख. उलटं केल्यास एक रात्र फुकट जाते.

उतरायचं ठिकाण आणि हॉटेल एकाच टोकाला हवं. मोपा उत्तरेला पेडण्यात आहे, मांद्रे-आश्व्याला तासाभरात पोहोचता. तिथून पाळोळे मात्र सुमारे शंभर किलोमीटर. मडगावहून पाळोळे चाळीसेक. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. विमानतळावर प्रीपेड काउंटर आणि 'गोवामाइल्स' हे ॲप. स्वतः चालवायला गाडी किंवा स्कूटर घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि पोलिसांनी अडवलं की देणारा फोन उचलत नाही.

पहाटेच्या खोलीचं उत्तर साधं आहे. दोनशे खोल्यांच्या हॉटेलात एखादी रिकामी सापडते. आठ खोल्यांच्या हॉटेलात तुमच्या खोलीत दुसरं कुणीतरी अकरापर्यंत झोपलेलं असतं. त्यामुळे 'लवकर खोली मिळेल' या तोंडी शब्दावर जाऊ नका. सामान ठेवायला जागा, अंघोळीला सामाईक न्हाणी आणि पैसे देऊन नाश्ता, या तीन गोष्टी मात्र आधी कळवल्या तर बहुतेक ठिकाणी मिळतात.

आमच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही. गोव्यात उपाशी राहावं लागेल का?
— फैजपूर

उपाशी नाही, पण कळवल्याशिवाय गेलात तर तीन दिवस जिरा-राइस. 'व्हेज आहे का' हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर सगळीकडे 'हो' असतं. तवा, कढई आणि तेल वेगळं आहे का, हे विचारा. एकच तवा मासे आणि पोळीला वापरला जातो. चोवीस तास आधी यादी द्या : मुगाची खिचडी, वरण, भेंडी, दही. छोट्या हॉटेलात हाच फायदा, स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी थेट बोलता येतं. गोव्याच्या हिंदू घरांतलं अळसांद्यांचं तोणक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी) आणि खतखतं (मिसळीच्या भाज्यांचा रस्सा) अस्सल शाकाहारी असतं. खतखत्यात कांदा-लसूण नसतोच, तेवढं आवर्जून मागा. ओल्या नारळाचं वाटण आपल्या काळ्या मसाल्याच्या जिभेला पहिल्या घासाला सपक लागतं. तिखटाची पुडी बरोबर ठेवा, भाकरीचं पीठ ठेवलं तरी कुणी हसणार नाही. फक्त स्टोव्ह घेऊन किनाऱ्यावर वांग्याचं भरीत करायला बसू नका. उघड्यावर स्वयंपाक आणि मद्यपान, दोन्हींना तिथं कायद्याने बंदी आहे आणि दंड हजारांत आहे.

आम्ही चौदा जण. एक अख्खं घरच घेतलं तर?
— नंदुरबार

पाच-सहा खोल्यांचं घर पूर्ण घेणं हा चांगला सौदा आहे, माणशी हिशेब बहुधा हॉटेलपेक्षा खाली येतो. पण 'चौदा जण झोपतील' याचा अर्थ विचारा : सहा पलंग आणि दोन जण दिवाणखान्यातल्या सोफ्यावर, असा असू शकतो. न्हाण्या किती? चौदा माणसांना चारपेक्षा कमी नकोत, आणि गिझर किती लिटरचे तेही. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये दोन अंघोळी होतात, तिसऱ्याला अर्धा तास थांबावं लागतं. आचाऱ्याचे पैसे वेगळे का, किराणा कोण आणणार, अनामत किती आणि किती दिवसांत परत, हे एकाच संदेशात लिहून घ्या. आल्याबरोबर घराचा व्हिडिओ काढा. फुटकी टाइल आधीचीच होती, हे नंतर सिद्ध करता येत नाही.

रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, आणि गावातली माणसं तक्रार करायला मागेपुढे पाहत नाहीत. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथं तर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथं किनाऱ्यावर उजेड आणि दणदणाट मुळीच नको. हळदीचा नाच करायचाय तर दुसरीकडे जा.

पोहण्याच्या तलावात साडी किंवा पंजाबी ड्रेस चालत नाही म्हणतात. हा शिष्टपणा आहे का?
— पाचोरा

काही ठिकाणी असेल, पण कारण खरं आहे. सुती कापडाचे तंतू गाळणीत अडकतात, रंग आणि साबणाचा अंश पाण्यात उतरतो आणि क्लोरीन लवकर संपतं. पंधरा-वीस फुटांच्या लहान तलावात हे लगेच जाणवतं. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे नायलॉनचे पोहण्याचे कपडे मिळतात, ते सगळीकडे चालतात. मुलं असतील तर तलावाचं पाणी किती खोल ते विचारा : अनेक छोट्या तलावांना उथळ बाजूच नसते, सरसकट चार-साडेचार फूट, आणि जीवरक्षकही नसतो. काही हॉटेलं बारा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत, ते आधी बघा. समुद्रावर सरकारने नेमलेल्या 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा असतात; लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा.

पैसे भरल्यावर हॉटेलचा फोन लागेना. बुकिंग थेट करावं की ॲपवरून?
— साक्री

थेट बोलून दर बहुधा पाच-दहा टक्के खाली येतो, कारण ॲपचं कमिशन वाचतं. पण नकाशावर दिसणारा नंबर हॉटेलचाच असतो असं नाही. नंबर बदलून पैसे उकळणारे आहेत. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे नंबर जुळवा. पैसे हॉटेलच्या नावाच्या खात्यातच जायला हवेत. यूपीआयवर कुणा व्यक्तीचं नाव आलं तर थांबा. २५ ते ३० टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ देऊ नका, आणि पावतीवर खोलीचा क्रमांक किंवा नाव, तारखा, नाश्ता, करासह एकूण आकडा आणि रद्द करायची मुदत एवढं लिहून मागा. 'नॉन-रिफंडेबल' दर हजार-बाराशेने स्वस्त दिसतो, पण गाडीचं तिकीट वेटिंगवर असताना तो घेणं म्हणजे जुगार.

तुमचे पैसे अडकले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. बँकेत त्यानंतर जा.